कापडाची वहिनी

आमच्या वहिनीला मरायची परवानगी नव्हती. ती नाकारली होती हमीदामावशींनी, आणि आमच्या प्रसूती विभागात हमीदामावशींनी एकदा 'नाय' म्हटलं की मोठे डॉक्टरसुद्धा घसा खाकरून दुसरा विषय काढत.

आधी वहिनी कोण, ते सांगते. वहिनी म्हणजे कापडाची बाई. अंग कोऱ्या मांजरपाटाचं, आत लूमवरच्या टाकाऊ सुताचं भरण आणि पोटाला वजन यावं म्हणून वाळूची पिशवी. भिवंडीत कापडाला आणि सुताच्या कचऱ्याला तोटा नाही, त्यामुळे ती चांगली भरल्या अंगाची झाली होती. हॉस्पिटलच्या चादरी शिवणाऱ्या शिंप्याने ती शिवली. बाईमाणसाचं तोंड काढायला तो लाजला, म्हणून तिला नाक-डोळे नव्हते. ऑक्सिजनच्या मास्कची दोरी अडकवायला काहीतरी हवं, तेव्हा कान मात्र दोन्ही शिवून घेतले.

आणि नाव वहिनी का? तर आमच्याकडे बाळंतिणीला बहुतेक वेळा दीरच घेऊन यायचा. नवरा शिफ्टला, नाहीतर ट्रकवर. दाराशी रिक्षा थांबली की पहिली हाक ठरलेली, "सिस्टर, वहिनीला आणलंय!" आम्ही सगळे हसत असू, की तालुक्यातल्या साऱ्या बाया आपल्या वहिन्याच आहेत. मग हिचं दुसरं नाव काय ठेवणार?

ही गोष्ट दोन हजार सालानंतरच्या वर्षांमधली. मी मूळची भिवंडीजवळच्या कोन गावची. नर्सिंग करून गावाजवळच राहायचं म्हणून भिवंडीतल्या एका मध्यम आकाराच्या हॉस्पिटलात लागले आणि प्रसूती विभागाची प्रमुख सिस्टर म्हणून निवृत्त झाले. आमचे मोठे डॉक्टर म्हणजे डॉक्टर सबनीस. ते मुंबईला कुठलंसं प्रशिक्षण घेऊन आले. तिथे त्यांनी श्वास घेणारा, नाडी लागणारा रबरी पेशंट पाहिला आणि परत आले ते अगदी भारावून. याला आता सिम्युलेशन म्हणतात. आम्ही त्याला रंगीत तालीम म्हणत होतो. खऱ्या बाईचा जीव धोक्यात येण्याआधी खोट्या बाईवर सगळ्या टीमने मिळून हात बसवून घ्यायचा, एवढीच ती कल्पना. रबरी पेशंट आमच्या आवाक्यातला नव्हता, म्हणून कापडाचा.

बाहेरच्या माणसाला वाटतं, डॉक्टर-नर्सना येतं की सगळं, मग तालीम कशाला? आम्हालाही तसंच वाटत होतं. मला तर चांगलाच राग आला होता. इतकी वर्षं बाळंतपणं केली आणि आता बाहुली खेळायची! पण पहिल्या तालमीत माझी रग जिरली. प्रत्येकाला आपापलं काम उत्तम येत होतं, फक्त सगळ्यांना मिळून येत नव्हतं. सबनीसांनी जाहीर केलं, "वहिनींना बाळंतपणानंतर रक्तस्राव सुरू झालाय," आणि आमची जी धावपळ उडाली ती लग्नात वरात दारात आल्यावर उडते तशी. दोघी एकाच हाताला सलाइन लावायला भिडल्या, दुसरा हात मोकळाच. डॉक्टर मेधा म्हणून नवीन, तरतरीत मुलगी होती, ती ओरडली, "कोणीतरी रक्त मागवा!" सगळ्यांनी माना डोलावल्या. तालीम संपल्यावर सबनीसांनी विचारलं, रक्त कोणी मागवलं? कोणीच नाही. प्रत्येकीला वाटलं, दुसरी गेली.

त्या दिवशी सबनीसांनी 'कोणीतरी' हा शब्द प्रसूती विभागातून हद्दपार केला. नाव घ्यायचं, काम सांगायचं, आणि ज्याला सांगितलं त्याने ते परत म्हणून दाखवायचं. "हमीदामावशी, रक्तपेढीत जा आणि दोन पिशव्या आणा." त्यावर मावशींनी म्हणायचं, "रक्तपेढीत जाते, दोन पिशव्या आणते." ऐकायला सोपं आहे. पण मावशी काही केल्या म्हणेनात. गप्प मान हलवून जायच्या.

"मावशी, परत बोलून दाखवा ना," मेधा म्हणाली.

"सायबांनी सांगितलेला त्यांनाच परत सांगू? चिडवल्यासारखा वाटतो तो, डॉक्टरबाय. आमच्या घरात असा कोन बोलला तर थोबाडीत खाईल."

मावशी कोकणी मुसलमान. घराणं जुनं, एके काळी खाडीत त्यांच्या आज्याची होडी होती. सासरी लूम होते, ते दिरांनी वाटून घेतले आणि मावशी आया म्हणून आमच्याकडे लागल्या. अदब त्यांच्या हाडात होती. शेवटी सबनीसांनी त्यांना एकटं गाठून सांगितलं, "मावशी, मला कानाने जरा कमी येतं. तुम्ही परत बोललात तर मला कळेल की मी बरोबर बोललो." हे सपशेल खोटं होतं. पण त्या दिवसापासून मावशी इतक्या मोठ्याने परत बोलायला लागल्या की बाहेर बाकावर बसलेले नातेवाईक दचकायचे.

रक्ताची कथा तर वेगळीच. पहिल्या तालमीला कोणीतरी डाइंगवाल्याकडून लाल रंग आणला. (बघा, तो शब्द लिहिताना अजून हात अडखळतो. रंग मी आणला होता.) तो कपड्याचा पक्का रंग. वहिनीच्या अंगाला लागला, खाली फरशीला लागला आणि आमच्या हातांना असा बसला की आठवडाभर जो तो आमच्याकडे संशयाने पाहत होता. मग गुलाबाचं सरबत वापरलं, तर वहिनीला मुंग्या लागल्या. शेवटी कोकमाचं आगळ पाण्यात मिसळून काम भागलं. त्याचा वास सुटला की दुपारच्या तालमीत सगळ्यांना भूक लागायची.

हसत-खेळत का होईना, हात बसला. मानकोलीची एक बाई बाळंत झाल्यावर नळ सोडावा तशी वाहायला लागली, तेव्हा खोलीत आरडाओरडा नव्हता. मेधा नावं घेत होती, आम्ही परत म्हणत होतो, पोट चोळणारी चोळत होती, दोन्ही हातांना सलाइन होतं आणि मावशी रक्त घेऊन आल्यासुद्धा होत्या. बाई वाचली. तिचा दीर मला म्हणाला, "सिस्टर, तुमी लोक किती शांत होता. मना वाटला काय नायच जाला." याच्याइतकं मोठं प्रशस्तिपत्रक मला नोकरीत दुसरं मिळालं नाही.

त्यानंतर सबनीसांच्या मनात आलं, की एका तालमीत वहिनीला मरू द्यावं. सगळं बरोबर करूनही बाई जाते, हे प्रत्येक डॉक्टरला कधी ना कधी बघावं लागतं. मग पुढे काय करायचं, नातेवाइकांना कोणी, काय सांगायचं, याचीही तालीम हवी, असं त्यांचं म्हणणं.

हमीदामावशी हातातली बादली खाली ठेवून म्हणाल्या, "नाय. ज्या टेबलावर रोज बाया मोकल्या होतात, त्याच्यावर मेल्याचा नाटक नाय करायचा."

सबनीस माझ्याकडे बघायला लागले. मी मावशींच्या बाजूने उभी राहिले. आगरी घरातली मी. भरल्या पोटाच्या बाईसमोर मरणाचा शब्द काढायचा नाही, हे आईच्या दुधातून आलेलं. सबनीस हसले, म्हणाले, "बरं बाई, जगू दे तुमच्या वहिनीला." आणि ती जगली. प्रत्येक तालमीत, शेवटच्या क्षणी का होईना, ती जगायचीच. मग आम्ही चहा प्यायचो.

दापोड्याची ती मुलगी आली तेव्हा दुपार होती. तिला वंदना म्हणू या. दिवस भरत आलेले, घरी अचानक पोट दगडासारखं झालेलं आणि अंगावरून जात होतं. वार आतल्या आत सुटली होती. असं झालं की बाळाचा श्वास कोंडतो आणि आईचं रक्त गोठायची ताकदच गमावतं. मेधाने दाराशीच नवऱ्याला आणि सासूला सांगितलं, "दोघांच्याही जिवाला धोका आहे. आम्ही लगेच ऑपरेशन करतो." नवरा गोदामात टेम्पो लावायचा. त्याने सही केली.

सबनीसांनी ऑपरेशन केलं. एकही चूक झाली नाही, हे मी आजही कोणासमोरही सांगेन. मुलगी निघाली, निळी, मरगळलेली. तिला बाळांच्या सिस्टरने शेजारच्या खोलीत नेलं, श्वास दिला, आणि बऱ्याच वेळाने ती मांजराच्या पिल्लासारखी कुरकुरली. तिला उबेच्या पेटीत ठेवलं. इकडे वंदनाचं रक्त थांबेना. दिलेलं रक्त जसंच्या तसं बाहेर येत होतं. आम्ही नावं घेत होतो, परत म्हणत होतो, सगळं तालमीसारखं. फक्त शेवट तालमीसारखा झाला नाही.

सबनीसांनी हातमोजे काढले. आणि मग आमच्यातल्या कोणालाच पुढचं काम येईना.

सबनीस खुर्चीत बसले ते उठेचनात. मेधा दारापर्यंत गेली आणि परत आली. मी उपकरणं आवरायला लागले. उपकरणं आवरायची ती वेळ नव्हती, पण हाताला तेच सुचलं. बाहेर नातेवाइकांना कळलं ते आत नेलेल्या पांढऱ्या चादरीवरून, आणि आतून बाहेर आलेला कोणीच त्यांच्याकडे बघेना यावरून. पहिली किंकाळी ऐकू आली, मग धक्काबुक्की, मग दाराची काच फुटली. पोलिसांची गाडी आली. त्यांनी सबनीसांना मागच्या दाराने काढलं. एक वयस्क चुलता पुढे झाला, कागदांचं जे व्हायचं ते झालं, आणि वंदनाला घेऊन ती माणसं दापोड्याला गेली.

काचा झाडून होत होत्या तेव्हा बाळांची सिस्टर आली. म्हणाली, "त्या मुलीला वरचं दूध सुरू करायचंय. आजीला पाठवा ना आत."

"आजी तर दापोड्याला गेल्या," मी म्हटलं.

"तुम्ही सांगितलंत ना त्यांना मुलगी आहे म्हणून?" तिने मेधाला विचारलं. मेधाला वाटलं होतं, सबनीसांनी सांगितलं. मला वाटलं, मेधाने. पोलिसांना वाटलं, आम्ही. 'कोणीतरी' परत आला होता. त्याला आम्ही रक्ताच्या वेळेपुरता हाकलला होता, आणि मरणाच्या वेळी तो बिनदिक्कत येऊन आमच्यात बसला होता. तिकडे दापोड्याला त्या घरात सगळ्यांना वाटत होतं की आईबरोबर बाळही पोटातच गेलं.

फोन लावला, तो कोणी उचलेना. पोलिसाला पाठवावं, असं ऑफिसातून सुचवलं गेलं. मेधा म्हणाली, "नको. मी जाते." आणि ती चपला घालायला लागली. मीही निघाले. हमीदामावशी आमच्या आधी रिक्षात जाऊन बसल्या होत्या.

रस्ताभर मेधा बोलायचं वाक्य जुळवत होती. "आम्ही सर्वतोपरी प्रयत्न केले, परंतु गुंतागुंत अशी होती की..."

मावशींनी तिचा हात धरला. "डॉक्टरबाय, तो सगला नको. हाय का नाय, यवढाच सांग. पैला पोरीचा सांग."

गोदामांच्या ओळी संपल्यावर डाव्या हाताला घर. अंगणात माणसं, बांबू, गवत. आम्हाला ओळखून दोन तरुण अंगावर आले. मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. मी आमच्या भाषेत ओरडले, "मी कोनची हाय, माजा ऐका पैला!" आणि ते अडखळले तेवढ्यात मेधा सरळ चालत सासूपर्यंत गेली. म्हातारी सुनेच्या उशाशी बसली होती. मेधा तिच्यापुढे जमिनीवर बसली.

"आजी, तुमची नात जिवंत आहे."

म्हातारीने वर पाहिलं. "कोनाची?"

"वंदनाची मुलगी. ती हॉस्पिटलमध्ये आहे. अशक्त आहे, पण जिवंत आहे. आम्ही तुम्हाला सांगितलं नाही. चुकलं आमचं."

"हाय?"

"आहे."

नवरा भिंतीला टेकून उभा होता. तो म्हणाला, "मंग सांगला का नाय?" एवढंच. त्याने आवाज चढवला नाही. दगड मारला असता तर बरं वाटलं असतं. मेधाने उत्तर बनवायचा प्रयत्न केला नाही, याबद्दल तिचं मला अजून कौतुक वाटतं.

म्हातारी उठली. बाकीच्या बाया म्हणायला लागल्या, अगो आता कुठं जातंस, तयारी झालीय. ती म्हणाली, "थांबतील सगली. ती पन थांबेल. मी येतंय बघून." आणि अंगावरच्या लुगड्यानिशी आमच्या रिक्षात येऊन बसली.

हॉस्पिटलात उबेच्या पेटीवर वाकून तिने नातीला बघितलं. मग मेधाकडे वळून तिने विचारलं, "हिच्या आयेला सांगला व्हता का, पोर हाय म्हनून?"

मेधाने खाली बघितलं. "नाही, आजी. त्यांना भूल दिलेली होती. त्या शुद्धीवर आल्याच नाहीत."

"मंजे तिला पन नाय सांगला."

"नाही."

म्हातारी रडली नाही. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "चला, मना सोरा घरी." हमीदामावशी तिच्याबरोबर गेल्या. मी आणि मेधा मागे राहिलो. पुढचं मावशींनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. घरी पोचल्यावर म्हातारी सरळ सुनेजवळ गेली, वाकली, तिच्या कानावरचे केस बाजूला केले आणि म्हणाली, "पोर हाय गो. तू जा आता." मग उचला म्हणाली.

हे सांगताना मावशींनी बादली खाली ठेवली नव्हती. सांगून झाल्यावर त्या फरशी पुसायला लागल्या. पुसता पुसताच म्हणाल्या, "सायबांना सांगा, वहिनीला मरू द्या. पन बाल शिवून घ्या तिचा. बाल नसेल तर मी नाय येनार."

शिंप्याने बाळ शिवलं. सबनीसांना नव्या तालमीत उतरायला थोडे दिवस लागले. त्या दिवशी मागच्या दाराने निघून गेल्याचं त्यांच्याही मनाला लागलं होतं, असं ते मला म्हणाले. तालमीत सासू व्हायचं काम हमीदामावशींनी घेतलं आणि अशी सासू झाल्या की विचारू नका. कोण काय सांगतंय याकडे त्यांचं बारीक लक्ष. डॉक्टर उभ्याने बोलायला लागला की म्हणायच्या, "बस खाली, मान दुखते माजी." प्रयत्नांची, गुंतागुंतीची लांबण लावली की मध्येच तोडायच्या, "हाय का नाय?" सबनीसांनासुद्धा त्यांनी तीनदा परत करायला लावलं. आता तिथे कोण सांगणार, कोण बाळ घेऊन बाहेर जाणार, सगळं नाव घेऊन ठरायचं आणि परत म्हणून दाखवलं जायचं.

मेधा पुढे काही वर्षांनी मोठ्या हॉस्पिटलात गेली. दापोड्याची मुलगी वजन वाढेपर्यंत आमच्याकडे होती. तिला न्यायला बाप आणि आजी आले. बापाने आमच्याकडे बघितलं नाही. आजी मात्र सगळ्यांना सांगून गेली, येतंय म्हणाली, आणि पुढे लसीकरणाला नियमाने यायची. तो नवरा आम्हाला माफ करेल, अशी अपेक्षा मी कधी केली नाही.

पुढे आमची तालीम बघायला बाहेरच्या हॉस्पिटलांतून माणसं यायची. त्यांच्याकडे छापील टप्पे असायचे, आमचेही साधारण तेच होते. फक्त शेवटी त्यांना एक गोष्ट कळायची नाही. सगळं संपलं, चहा आला, की हमीदामावशी सासूचं काम सोडून टेबलाशी जायच्या. कापडाचं बाळ वहिनीच्या कुशीत ठेवायच्या, त्या नाक-डोळे नसलेल्या तोंडावर वाकायच्या आणि मास्कच्या दोरीसाठी शिवलेल्या कानात सांगायच्या, "बाल हाय गो."

पाहुण्यांपैकी एकाने मला विचारलं, सिस्टर, हे कशासाठी? मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, राहून गेलं होतं सांगायचं.